माशी बांधायचं सामान

आमच्या दुबईतल्या अल कुसैसच्या घरात वाहत्या पाण्याचा आवाज एकाच ठिकाणी यायचा. हॉलच्या खिडकीत बसवलेल्या एसीची नळी गॅलरीतल्या बादलीत सोडलेली होती आणि तिच्यातून दिवसभर टप टप पाणी पडायचं. ते पाणी आई तुळशीला घालायची. बाकी सगळी वाळू. इमारतीच्या मागे वाळू, शाळेच्या बसच्या पायऱ्यांवर वाळू, वारा सुटला की भाकरीच्या पिठातसुद्धा वाळू. अशा घरात माझे बाबा हिमाचलातल्या एका नदीच्या गोष्टी सांगायचे. शुक्रवारी दुपारी सुरमईचं कालवण आणि भात झाला, की लोडाला टेकून ते सुरू करायचे. "तीर्थनचं पाणी म्हणजे कसं, अनू, गुडघाभर उभं राहिलं तरी पायाची नखं मोजता येतात." आई ताटं उचलता उचलता म्हणायची, "आता नखं मोजून झाली की हात धुवा."

लग्नाआधी बाबा कुलूकडच्या एका वीजप्रकल्पावर ड्राफ्ट्समन होते. पुण्याचा हा मुलगा तिथे थंडीने आणि एकटेपणाने बेजार झाला होता. तिथल्या मत्स्यखात्याच्या एका म्हाताऱ्या राखणदाराने, ठाकूरजींनी, त्यांना ट्राउट मासा धरायला शिकवलं. ट्राउट म्हणे गांडूळबिंडूळ लावून धरणं हे खऱ्या माणसाचं काम नव्हे. त्यासाठी गळावर पिसं, लोकर आणि रेशीम गुंडाळून खोटी माशी बांधायची, ती पाण्यावर अशी टाकायची की माशाला वाटावं, आताच उडत येऊन बसली. मला लहानपणी ही फार मजेची गोष्ट वाटायची, की माशाला पकडायला माशी. बाबा दुबईला आले तेव्हा ठाकूरजींचं सामान अर्थातच तिकडेच राहिलं. बाबांनी सोबत आणली ती फक्त एक वही. तिच्यात त्यांनी प्रत्येक माशीचं चित्र काढलेलं होतं, तेही ड्राफ्ट्समनच्या शिस्तीत. बाजूने एक चित्र, वरून एक चित्र, बाण काढून आकडे, आणि खाली सुबक अक्षरात यादी: १. गळ, २. धागा, ३. मोरपिसाचे तंतू, ४. सोनेरी जर, ५. तांबड्या कोंबड्याच्या मानेवरची पिसं. "रिटायर झालो की सगळं सामान जमवणार," असं ते म्हणायचे. आई म्हणायची, "तोवर मासे वाट बघतील, इन्शाल्ला." आईच्या तोंडी हा शब्द इतका बसला होता, की पुण्याला गेल्यावर आत्या हसायची.

आता मी स्वतः दुबईतच अल बर्शात राहते, पन्नाशीला आले आहे, आणि माझी मुलं माझ्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देतात. त्यांना मी ही नदी, ही वही, सगळं सांगितलेलं आहे. दाराचं मात्र अजून सांगितलेलं नाही. ते सांगायला म्हणून हे लिहिणं.

मी नववीत होते. शाळेतल्या मुली वाळवंटात एका रात्रीच्या कॅम्पला जाणार होत्या आणि बाबांनी नाही म्हटलं होतं. कारण काही फार मोठं नव्हतं. रात्रीचं नको, एवढंच. पण त्या वयात 'एवढंच' नावाची गोष्ट नसते. बाजारातून परत येताना गाडीत मी सगळी वाट एक शब्द बोलले नाही. इमारतीच्या मागे गाडी थांबली. त्या दिवशी वारा खूप होता, तोंडात वाळू येत होती. आई पिशव्या घेऊन पुढे गेली. बाबा मागच्या सीटवरचं कलिंगड काढायला वाकले आणि आधाराला त्यांनी उजवा हात दोन दारांच्या मधल्या खांबावर ठेवला. मी पुढच्या दारातून उतरले आणि अंगात होता नव्हता तेवढा सगळा राग त्या दाराला दिला.

तो आवाज मी लिहिणार नाही. बाबा ओरडलेसुद्धा नाहीत, फक्त म्हणाले, "अनू, दार उघड. हळू." मी दार उघडलं. आई धावत आली, तिच्या पिशवीतले टोमॅटो वाळूत घरंगळले. "काय झालं? अहो, काय झालं?" बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "वाऱ्याने दार लागलं." हॉस्पिटलात डॉक्टरांना तेच सांगितलं, ऑफिसात तेच, पुण्याला फोनवर तेच. वाऱ्याने दार लागलं. सगळ्यांना पटलं, कारण वारा होताच.

उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं. हाडं तारा घालून जोडली, जखमा भरल्या, पण बोटं वाकेनात आणि टोकांना काही कळेना. आणि बाबांचं सगळं आयुष्य त्या दोन बोटांत होतं. तेव्हा त्यांच्या ऑफिसात नकाशे हातानेच काढत. कंपनीने सांगितलं, तीन-चार महिने बघू. त्यापुढे व्हिसाचं काय, हे कुणी बोललं नाही, पण आईने पुण्याच्या एका शाळेत दहावीला मधेच प्रवेश मिळतो का, याची चौकशी मावशीकडे केली, ती मी ऐकली. आई इमारतीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. त्या दिवसांत तिचं शिवणयंत्र सकाळपासून चालायचं आणि बाबा हॉलमध्ये स्पंजचा चेंडू हातात घेऊन बसलेले असायचे. चेंडू दाबायचा असायचा. ते दाबत नसत, नुसता धरून बसत. नदीच्या गोष्टी बंद झाल्या. जेवताना डाव्या हातात चमचा धरून ते वरणभात खायचे आणि आमच्याशी अगदी गोड बोलायचे, पाहुण्यासारखं. मला ते सहन व्हायचं नाही. रागावले असते तर बरं, असं वाटायचं.

हाताला व्यायाम शिकवायला हॉस्पिटलात एक मल्याळी सिस्टर होती. एकदा आईबरोबर मी गेले होते. तिने आईला हिंदीत सांगितलं, "मॅडम, बॉल से नहीं होगा. इनको छोटा-छोटा काम दो. बारीक काम. जो इनको पसंद है." आई म्हणाली, "इनको तो ड्रॉइंग पसंद है." सिस्टर म्हणाली, "ड्रॉइंग में तो इनको रोना आता है. दूसरा कुछ?"

परत येताना बसमध्ये मी आईला वहीबद्दल बोलले. आई म्हणाली, "वहीत यादी आहे ना? यल्ला, चल, मग जमवू." मला वाटतं, त्या चार महिन्यांत आई पहिल्यांदा हसली ती तेव्हा. तिला वाटत होतं, पोरगी बापासाठी किती करतेय. मी काय फेडत होते, ते तिला ठाऊक नव्हतं.

यादीतलं सोपं सामान घरातच निघालं. रेशमी धाग्याची रिळं आईच्या डब्यात होती, बारीक टोकाची कात्री तिच्या कशिद्याची. सोनेरी जर तिने स्वतःच्या एका जुन्या नारायणपेठीच्या काठातून उसवून काढली; मी नको नको म्हणत होते, तर म्हणाली, "ती साडी मला तशीही कधी आवडली नव्हती, तुझ्या आत्याने दिलेली." मोरपीस देवघरात बाळकृष्णाच्या मागे लावलेलं होतं. आईने आधी नमस्कार केला, मग पिसाच्या एका कडेचे दहा-बारा तंतू अलगद ओढून काढले आणि पीस जिथल्या तिथे ठेवलं, उसवलेली बाजू भिंतीकडे करून. वहीत एका माशीच्या पोटासाठी 'सशाची लोकर' लिहिलं होतं. माझ्या दप्तराला सशाच्या खऱ्या केसांचा एक गोंडा लटकत असायचा, मैत्रिणीने दिलेला. तो मी कापला. धागा गळावर ताणून गुंडाळायला एक नळी लागते, ती आम्ही बॉलपेनच्या रिकाम्या धातूच्या रिफिलची आणि कपड्यांच्या हँगरच्या तारेची केली. तीन वेळा बिघडली, चौथी जमली. माशीचं डोकं पक्कं करायला ठाकूरजी कसलंसं रोगण लावत, त्याच्याऐवजी बिनरंगी नेलपॉलिश.

उरलं ते गळ धरून ठेवणारा चिमटा, कोंबड्याची पिसं आणि खुद्द गळ. त्यासाठी आम्ही दोघी एका गुरुवारी बसने देऱ्याच्या जुन्या बाजारात गेलो. सोन्याच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत एक बंगाली कारागीर अंगठ्या दुरुस्त करत बसायचा. आईने त्याला वही दाखवली. त्याने ते चित्र असं बघितलं, जसं वैद्य नाडी बघतो. मग टेबलाखालून हाताएवढा एक जुना चिमटा काढला, स्क्रूने आवळायचा, खाली लाकडाला धरणारा पाय असलेला. "हाथ किसका खराब है?" त्याने विचारलं. आईने सांगितलं. त्याने चिमट्याला तेल लावलं, स्क्रू दोनदा फिरवून बघितला आणि आईने दिलेले पैसे न मोजताच गल्ल्यात टाकले.

कोंबडीवाला पठाण होता, बायकांना 'बाजी' म्हणजे ताई म्हणणारा. मान हलवत म्हणाला, "मुर्गी नहीं? सिर्फ पर? बाजी, पर का क्या पकाएगा?" आई म्हणाली, "पकाना नहीं है. मछली पकड़ना है." "मुर्गी से मछली!" तो एवढा हसला, की शेजारचे दोन दुकानदार उठून आले. आईला हसू आवरेना, मलाही. मग त्याने पिंजऱ्यांमागे जाऊन तांबड्या कोंबड्याच्या मानेची ओंजळभर पिसं कागदात बांधून आणली. घरी आईने ती साबणाच्या पाण्यात धुतली आणि गॅलरीत ओढणीखाली वाळत घातली. दोन दिवस आमच्या घराला ओल्या कोंबडीचा वास होता.

गळांना सगळ्यात जास्त फिरावं लागलं. मासेमारीच्या सामानाच्या दुकानांत हामूरसारख्या मोठ्या समुद्री माशांचे गळ होते, माझ्या बोटाएवढे. ट्राउटचा गळ तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा. तिसऱ्या दुकानातल्या मल्याळी काकांनी वही उलटसुलट करून बघितली, म्हणाले, "खलास, ये इधर नहीं मिलेगा." आम्ही दारापर्यंत पोचलो, तेव्हा त्यांनी हाक मारली. मोठा मासा धरायला आधी चारा म्हणून छोटे मासे धरतात, त्याच्या दोऱ्या असतात. त्यांना इवलेसे गळ असतात. त्यांनी अशा चार दोऱ्या सोडवल्या, एकेक गळ कापून काढला आणि कागदाच्या पुडीत घालून आईच्या हातात दिला. "सी-फिश का है. आपके रिवर-फिश को बोलना, माफ करना."

हे सगळं आम्ही खजुराच्या एका लाकडी पेटीत मांडलं. कप्प्याकप्प्यांत पिसं, जर, रिळं, धाग्याला लावायचा मेणाचा तुकडा, आणि मध्यभागी तो चिमटा. शुक्रवारी जेवणं झाल्यावर आईने पेटी बाबांच्या पुढे ठेवली. त्यांनी झाकण उघडलं. एकेक गोष्ट डाव्या हाताने उचलून बघितली. सोनेरी जर बघून आईकडे बघितलं. मोरपिसाचे तंतू बघून देवघराकडे. मग झाकण लावलं, "छान जमवलंय," म्हणाले, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

पेटी आठ दिवस तशीच होती. आईने पेटीवर रुमाल टाकला, धूळ बसू नये म्हणून.

पुढच्या शुक्रवारी आई स्वयंपाकघरात लबानची कढी करत होती. ताक तिथे मिळायचं नाही, दुकानातलं लबान घेऊन आई कढी करायची, आणि तिच्या फोडणीचा वास घरभर होता. मी पेटी उघडली, चिमटा जेवणाच्या टेबलाला आवळला, त्यात गळ धरला आणि वही समोर ठेवून धागा गुंडाळायला लागले. धागा घसरायचा. मोराचा तंतू तुटला. दुसरा तुटला. बाबा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. तिसरा तंतू तुटल्यावर पेपरमागून आवाज आला, "उलटा फिरवतेयस."

"म्हणजे कसा?"

"तुझ्यापासून लांब. वरून पलीकडे, खालून अलीकडे. आणि तंतू एकटा नाही लावायचा, तीन एकत्र पीळ देऊन. एकटा तुटणारच."

मी मुद्दाम नाही, खरंच, चौथाही तोडला. बाबा उठले. माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले, डाव्या हाताने तंतू धरले आणि उजवा हात पुढे केला. ती दोन बोटं ताठ, चकचकीत, त्यांवर टाक्यांच्या खुणा. अंगठ्याने त्यांनी धागा त्या बोटांवर दाबला. सुटला. पुन्हा दाबला. पुन्हा सुटला. "थांब जरा," ते स्वतःलाच म्हणाले. चार-पाचदा झालं. मग धागा धरला गेला, एक वेढा बसला, दुसरा बसला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. आणि तेव्हा मला दिसलं, की मधल्या बोटाच्या टोकात गळ रुतलेला आहे. चांगला रुतलेला. रक्ताचा थेंब बोटावरून घरंगळून वहीवर पडला, आणि बाबा वेढे मोजत होते, "पाच... सहा..." त्यांना काहीच कळलं नव्हतं.

"बाबा, बोट!"

त्यांनी बघितलं. अगदी शांतपणे म्हणाले, "अच्छा." जणू बोट दुसऱ्या कुणाचं होतं.

मला रडू फुटलं ते असं, की मी खुर्चीवरून खाली बसले. "मी लावलं दार. वाऱ्याने नाही, मी लावलं. रागाने लावलं. आय डिड इट, बाबा."

स्वयंपाकघरातला डावाचा आवाज थांबला.

बाबांनी आधी तो गळ हळूच मोकळा केला. मग तेही खुर्चीवरून उतरून माझ्याजवळ फरशीवर बसले. मला वाटलं, ते म्हणतील, नाही गं, वारा होता. मोठी माणसं म्हणतात तसं. ते म्हणाले, "हो. तूच लावलंस. मला माहीत आहे."

मी वर बघितलं.

"जोरात लावलंस. चांगलंच. पण हात तिथे आहे हे तुला माहीत नव्हतं, हेही मला माहीत आहे." त्यांनी रक्त आलेलं बोट अंगठ्याने दाबून धरलं. "मला वाटलं, वाऱ्याचं नाव घेतलं की तू सुटशील. कुणी तुला बोलणार नाही. माझ्या लक्षातच आलं नाही, की मग तुला कुणाशी बोलताही येणार नाही. चार महिने तुला एकटीला ठेवलं मी. ते माझं चुकलं, अनू."

माझ्या आयुष्यात एवढ्या मोठ्या माणसाने माझी मागितलेली ती पहिली माफी. आणि मी तर त्यांची मागायला बसले होते.

आई दारात उभी होती, हातात डाव, त्यावरून कढी ठिबकत होती. ती आत गेली आणि तिने गॅस बंद केला. पुढचे दोन दिवस ती आम्हा दोघांशीही बोलली नाही. जेवायला वाढायची, डबे भरायची, पण तोंडातून शब्द नाही. दारासाठी नव्हे, हे मला पुढे कळलं. एका घरात राहून आम्ही दोघांनी मिळून तिला बाहेर ठेवलं, याचा तिला राग होता. बाबा दोनदा म्हणाले, "सुनंदा, अगं ऐक तरी." तिने शिवणयंत्र जोरात चालवलं.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून आत्याचा फोन आला. मी टेबलाशी गृहपाठ करत होते. आत्याने नेहमीसारखं विचारलं असणार, हात कसा आहे, त्या मेल्या वाऱ्याने काय करून ठेवलं. आई म्हणाली, "वारा नव्हता हो ताई. दार अनूने लावलं... हो, आमच्या अनूने. रागात होती... नाही नाही, तिला कुठे माहीत होतं हात आहे ते. चौदा वर्षांची पोर, दार आपटणारच. तुम्ही नाही का लग्नाच्या आधी रागाने सासवडची एसटी पकडली होती?... बरं, यंदा कैरीचं लोणचं घातलंत का?" आणि बोलणं लोणच्यावर गेलं. मी वहीत डोकं खुपसून बसले होते. जे मी चार महिने पोटात दगडासारखं धरून होते, ते आईने कैरीच्या लोणच्याच्या आधीच्या दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं, आणि पुण्यात काहीही कोसळलं नव्हतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही तिघं त्या टेबलाशी बसायचो. आई जर कापायची, मी तंतूंना पीळ द्यायचे, बाबा बांधायचे. पहिल्या महिन्यातल्या माश्या मेलेल्या झुरळांसारख्या दिसायच्या. बाबांची बोटं पुरती वाकली नाहीत ती नाहीतच. पेन त्यांच्या हातात पुन्हा पूर्वीसारखं बसलं नाही. पण त्याच वर्षी त्यांच्या ऑफिसात नकाशांसाठी कॉम्प्युटर आले, आणि माउस धरायला लागतील एवढी बोटं बाबांच्या हातात परत आली होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी ते आपल्या निम्म्या वयाच्या मुलांशेजारी बसून ते शिकले. व्हिसा राहिला. मी दहावी तिथेच झाले.

आणि दहावीनंतरच्या मे महिन्यात आम्ही तिघं तीर्थनला गेलो. ठाकूरजी नव्हते राहिले. बाबांनी परवाना काढला, भाड्याची काठी घेतली. पहिले दोन दिवस माशांनी आमच्या माश्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आई काठावर स्वेटर घालून बसायची, म्हणायची, "सांगितलं का त्यांना, दुबईहून आलोय म्हणून?" तिसऱ्या सकाळी एका मोठ्या दगडामागच्या संथ पाण्यात बाबांची माशी नाहीशी झाली आणि काठी वाकली. वीतभर मासा, पाठीवर तांबडे ठिपके. मासा सोडायचा असेल तर कोरड्या हाताने धरायचा नाही, त्याची कातडी जाते. बाबांनी काठी माझ्या हातात दिली आणि उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवला. मग ते तसेच थांबले. मासा दोरीवर धडपडत होता, मी ओरडत होते, "बाबा, धरा ना, बाबा!" ते वाकून आपल्या हाताकडे बघत होते.

"सुनंदा," ते काठाकडे वळून म्हणाले, "अगं, बोटांना गार लागतंय."